बसायला जागा : पर्ड्यू विद्यापीठातलं ब्लॅक कल्चरल सेंटर

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात वेस्ट लाफायेटला, म्हणजे पर्ड्यू विद्यापीठाच्या गावी, मुलांकडे आलेल्या आईवडिलांना काय काय दाखवायचं, याची इथल्या मराठी मुलांकडे ठरलेली यादी असते. नील आर्मस्ट्राँगचा पुतळा, इंजिनीअरिंगच्या आवारातलं उंच कारंजं, मेमोरियल युनियन, वाबाश नदीवरचा पायी जायचा पूल, आणि एखाद्या शनिवारी शिकागोला डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यूवर किराणा. जूनमध्ये आले तेव्हा पहिल्या पंधरा दिवसांत माझंही हे सगळं पाहून झालं. थर्ड स्ट्रीटवरचं ब्लॅक कल्चरल सेंटर त्या यादीत नव्हतं. माझा मुलगा इथं स्थापत्य अभियांत्रिकीत पीएच.डी. करतो. तीन वर्षं त्या इमारतीवरून सायकलनं जातोय, पण आत कधी गेला नव्हता. का रे, म्हणून विचारलं तर म्हणाला, "आपण आत गेलेलं चालतं का, माहीत नाही आई."

'आत गेलेलं चालतं का' हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आमच्या गावात विहिरीपाशी, देवळापाशी, दुकानाच्या पायरीपाशी तो मनात यायचाच. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्याला म्हटलं, चल, आपण विचारून तर बघू.

चालतं. कुणालाही चालतं. प्रवेशाला पैसे नाहीत, ओळखपत्र कुणी मागितलं नाही. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण माझ्या मुलासारखी बरीच आपली मुलं बाहेरूनच पुढं जात असणार.

मी औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची. एका महाविद्यालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते आणि आता निवृत्त आहे. त्यामुळं कुठल्याही वास्तूत शिरले की माझी पावलं वाचनालयाकडं वळतात. वाचनालय जोखताना मी पुस्तकांची संख्या विचारत नाही, खुर्च्या बघते. खुर्ची खिडकीजवळ आहे का, तिच्यावर दोन तास बसवतं का, आणि बसलेल्या माणसाला 'तुमचं काय काम आहे' असं कुणी विचारतं का, एवढं पाहिलं तरी ती संस्था कळते. या सेंटरचं वाचनालय लहान आहे, पण ब्लॅक समाजाचा इतिहास, साहित्य, कला एवढ्याच विषयांना वाहिलेलं आहे. पुस्तकांच्या पाठी हाताळून मऊ पडलेल्या होत्या. मी ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचा एक खंड काढला, खिडकीजवळ बसले, आणि वर बघितलं तेव्हा पाऊण तास गेला होता. कुणी येऊन काही विचारलं नाही. मुलगा समोरच्या खुर्चीत लॅपटॉप उघडून त्याचं काम करत होता.

या जागेचा इतिहास माहीत असला की तिथं बसण्याला वेगळा अर्थ येतो, म्हणून तो थोडा सविस्तर सांगते.

पर्ड्यू विद्यापीठ स्थापन झालं १८६९ साली. इथून पदवी घेणारे पहिले ब्लॅक विद्यार्थी डेव्हिड रॉबर्ट लुईस. वर्ष १८९४, विषय स्थापत्य अभियांत्रिकी. हे वाचल्यावर माझा मुलगा खुर्चीत सरळ बसला. त्याचाच विभाग, आणि तीन वर्षांत त्यानं हे नाव ऐकलं नव्हतं. पण पदवी मिळाली म्हणून राहायला जागा मिळाली असं झालं नाही. त्यानंतर पन्नास वर्षं उलटली तरी ब्लॅक मुलींना इथल्या वसतिगृहात खोली मिळत नव्हती. १९४६ मध्ये विनिफ्रेड आणि फ्रीडा पार्कर या दोघी बहिणी इंडियानापोलिसहून इथं शिकायला आल्या. प्रवेश मिळाला, वसतिगृह नाही. नदीपलीकडं लाफायेटमध्ये राहायचं आणि तिथून रोज यायचं. त्यांच्या वडिलांनी ते मुकाट्यानं सोसलं नाही. थेट राज्याच्या गव्हर्नरपर्यंत दाद मागितली, आणि जानेवारी १९४७ मध्ये दोघींना वसतिगृहात खोल्या मिळाल्या. २०२१ साली विद्यापीठानं दोन वसतिगृहांना त्यांची नावं दिली. विनिफ्रेड पार्कर हॉल आणि फ्रीडा पार्कर हॉल. ब्लॅक माजी विद्यार्थिनींच्या नावानं या आवारात इमारत उभी असण्याची ही पहिलीच वेळ. दोन्ही इमारती याच थर्ड स्ट्रीटवर आहेत. सेंटर बघून झालं की तिथपर्यंत पायी जा. बाहेरूनच बघायच्या आहेत, पण पाटीवरची ती दोन नावं वाचायला जा.

मला पहिली नोकरी लागली ती एका तालुक्याच्या गावी. खोली बघायला गेले की घरमालकीण आधी पाणी द्यायची, मग नाव विचारायची, मग आडनाव. आडनाव सांगितलं की खोली कालच कुणालातरी दिलेली असायची. महिनाभर मी चौदा मैलांवरून एसटीनं ये-जा केली. पार्कर बहिणींची बस नदी ओलांडायची आणि माझी ओढा, एवढाच फरक. त्यांची हकीकत वाचताना डोळे भरून आले ते त्या मालकिणींच्या आठवणीनं नाही. माझे वडील आठवले. त्यांना लिहिता येत नव्हतं. येत असतं तर त्यांनीही गव्हर्नराला पत्र लिहिलं असतं, याची मला खात्री आहे.

आता सेंटरच्या जन्माची गोष्ट. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन लूथर किंग यांचा खून झाला. त्याच वर्षी मे महिन्यात शंभरावर ब्लॅक विद्यार्थी एका रांगेत विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीवर चालत गेले. प्रत्येकाच्या हातात तपकिरी कागदी पिशवी, आणि पिशवीत एक वीट. कुणी वीट फेकली नाही. सगळ्यांनी त्या पायऱ्यांवर नीट मांडून ठेवल्या. एका फलकावर शब्द होते, 'नाहीतर पुढच्या वेळी आग'. हे शब्द गुलामीच्या काळापासून गायल्या जाणाऱ्या भक्तिगीतातले आहेत. देवानं बायबलमधल्या नोहाला इंद्रधनुष्य दाखवलं आणि सांगितलं की आता पुन्हा जलप्रलय नाही, पुढच्या वेळी आग. विटांबरोबर त्यांनी मागण्या दिल्या. ब्लॅक प्राध्यापक हवेत, अभ्यासक्रमात आमचा इतिहास हवा, वागणुकीत भेदभाव नको. ती इमारत आज हॉव्हडे हॉल या नावानं ओळखली जाते. फ्रेडरिक हॉव्हडे तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष होते. कारंजं बघायला जाल तेव्हा त्या पायऱ्याही जवळच आहेत. मी त्यांच्यावर पाच मिनिटं बसले. वीट हे बांधायचंही साधन आहे आणि फोडायचंही. त्या मुलांनी दोन्ही शक्यता पायरीवर ठेवल्या आणि कुठली घ्यायची ते विद्यापीठावर सोडलं. आंदोलनाची इतकी नेमकी रीत मी क्वचित पाहिली आहे, आणि आमच्या मराठवाड्यात मी आंदोलनं पुष्कळ पाहिली आहेत.

त्याच १९६८ साली हेलन बास विल्यम्स इथं रुजू झाल्या. पर्ड्यूच्या पहिल्या ब्लॅक प्राध्यापक. मिसिसिपीत नागरी हक्कांच्या चळवळीत आणि गरीब मुलांच्या शिक्षणासाठी काम करून आलेल्या. शिकवायच्या फ्रेंच, पण खरं काम वर्गाबाहेरचं. घरापासून लांब, गोऱ्या गावात एकट्या पडलेल्या मुलामुलींना धरून ठेवण्याचं. सेंटर उभं राहण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. प्रत्येक वसतिगृहाच्या, प्रत्येक चळवळीच्या मागं अशी एक बाई असते. आमच्या वसतिगृहातही होती. रात्री दहा वाजता दार बंद करायची, आणि कुणी जेवायचं राहिलं असेल तर साडेदहाला स्वतः उघडायची.

१९६९ साली सेंटर मंजूर झालं. सुरुवात झाली ती युनिव्हर्सिटी स्ट्रीटवरच्या एका साध्या घरात. भव्य काही नाही, घरच. पण अमेरिकेत त्या दोन-तीन वर्षांत विद्यापीठांच्या आवारांत अशी घरं एकामागून एक उघडली, आणि ती आपोआप मिळालेली नव्हती हे लक्षात ठेवायला हवं. कॉर्नेल विद्यापीठात एप्रिल १९६९ मध्ये ब्लॅक विद्यार्थ्यांनी विद्यार्थी भवन ताब्यात घेतलं, तेव्हा आफ्रिकाना अभ्यास केंद्र मार्गी लागलं. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९७० ला, त्या केंद्राची इमारत आग लावून जाळली गेली. त्यामुळं पर्ड्यूचं घर टिकलं, वाढलं, ही गोष्ट मी साधी धरत नाही.

ते टिकवलं माणसांनी. १९७३ ते १९९५ अशी तब्बल बावीस वर्षं अँटोनियो झमोरा संचालक होते. ते स्वतः जॅझचे सॅक्सोफोनवादक. संगीतकार माणसाच्या हातात संस्था दिली की काय होतं ते इथं दिसतं. पुस्तकं तर आलीच, पण या घराचा कणा झाला तो गाणं, नाच, नाटक आणि लेखन. त्यांच्यानंतर रेनी थॉमस यांनी दीर्घकाळ हे काम सांभाळलं. एका खुर्चीवर चार-चार वर्षांनी नवा माणूस आणून बसवला की संस्थेची स्मृती पुसली जाते, हे मी नोकरीत डोळ्यांनी पाहिलं आहे. इथं तसं झालं नाही.

आजची इमारत १९९९ मधली. वास्तुरचना इंडियानापोलिसच्या ब्लॅकबर्न आर्किटेक्ट्सची. वॉल्टर ब्लॅकबर्न हे स्वतः ब्लॅक वास्तुविशारद. सिनसिनाटीमध्ये गुलामांच्या सुटकेच्या गुप्त मार्गांचं जे मोठं संग्रहालय आहे, त्याच्या रचनेतही त्यांचा हात होता. पर्ड्यूचं सगळं आवारच विटांचं आहे. ही इमारतही त्या रांगेत परकी वाटत नाही, पण आफ्रिकी वास्तुपरंपरेच्या खुणा अंगावर मिरवते. माझ्या मुलानं बांधकामाच्या नजरेनं पाहिलं आणि मला विटांची जोडणी समजावून दिली. माझ्या डोक्यात मात्र १९६८ च्या त्या पिशव्या होत्या. तेव्हा पायरीवर ठेवलेल्या विटांपासून या भिंतीपर्यंत एकतीस वर्षं लागली.

आत काय आहे? वाचनालयाचं सांगितलं. कार्यक्रमांचं सभागृह आहे, अभ्यासाला संगणक आहेत, भिंतींवर चित्रं आहेत, आणि बसायला जागा आहे. या शेवटच्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितेय. दुपारी दोन मुलं सोफ्यावर आडवी होऊन गणितं सोडवत होती. एक मुलगी डबा खात होती. कुणी कुणाला संस्कृती दाखवत नव्हतं. माझी कल्पना होती की हे संग्रहालय असेल, काचेच्या कपाटात वस्तू असतील आणि आपण कुजबुजत फिरायचं. हे तर घर निघालं. पुढच्या तासाआधी वीस मिनिटं टेकायला यावं असं घर. साडेसहाशे मुलांच्या वर्गात आपण एकटेच वेगळे दिसतो, ही जाणीव दिवसभर खांद्यावर असते. ती वीस मिनिटं उतरवून ठेवता यावी म्हणून ही जागा आहे. ज्याला ती जाणीव कधी वागवावी लागली नाही, त्याला अशा घराची गरज पटवून देणं अवघड जातं. आमच्या नागसेनवनाबद्दलही लोक विचारायचे, वेगळी कशाला पाहिजेत कॉलेजं आणि वसतिगृहं?

नागसेनवन म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादेत १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाचा परिसर. मिलिंद महाविद्यालय तिथलंच. मी तिथं शिकले. आणि अमेरिकेतल्या ब्लॅक लेखकांची नावं मी पहिल्यांदा ऐकली ती इंडियानात नाही, त्या झाडांखाली. प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले होते. त्यांनी साठच्या दशकात मिलिंदच्या मुलांना या साहित्याची ओळख करून दिली. मी शिकायला गेले तोवर ते तिथं नव्हते, पण त्यांनी पेरलेलं तिथंच उगवून उभं होतं. वसतिगृहात लँगस्टन ह्यूजच्या कवितांचे मराठी अनुवाद वहीत उतरवून घेतलेले असायचे, आणि वही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरायची. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा ते नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं हे आमच्याकडं शाळकरी पोरांनाही माहीत होतं. तेव्हा आम्ही 'निग्रो साहित्य' म्हणायचो, तोच शब्द छापला जायचा. आता वर्तमानपत्रं 'कृष्णवर्णीय' लिहितात. मी इथं 'ब्लॅक' लिहिलंय, कारण तो त्यांनी स्वतः स्वतःसाठी निवडला. आम्ही 'हरिजन' टाकून 'दलित' घेतला, त्यामागचं कारण तेच.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगावच्या वस्त्या पेटल्या. माझ्या मावशीचं घर त्यात गेलं. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. त्या दिवशी मी वाचनालयाच्या नव्या शिक्क्याची ऑर्डर स्वतः लिहिली होती. विद्यापीठाच्या आवारात एखाद्या इमारतीवर एखादं नाव असणं म्हणजे काय, हे मला पार्कर हॉलच्या पाटीसमोर कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

इंजिनीअरिंगच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट, कारण हे परीक्षण वाचणारे बहुतेक तेच असतील. साठच्या दशकाच्या अखेरीला पर्ड्यूत अभियांत्रिकीला आलेल्या ब्लॅक मुलांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के पहिल्या वर्षीच गळत होते. १९७१ मध्ये दोन विद्यार्थी अधिष्ठात्यांकडं गेले आणि एकमेकांना अभ्यासात धरून ठेवण्यासाठी त्यांनी संघटना काढली. पुढं त्या संघटनेतल्या एका विद्यार्थ्यानं देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना पत्रं धाडली, २८८ पत्रं. एप्रिल १९७५ मध्ये ३२ महाविद्यालयांतून ४८ विद्यार्थी पर्ड्यूत जमले आणि नॅशनल सोसायटी ऑफ ब्लॅक इंजिनीअर्स उभी राहिली. आज ती जगभर पसरलेली आहे. गळती बुद्धीमुळं होत नाही. शेजारी बसून 'हे गणित मलाही येत नाही' म्हणणारं कुणी नसलं की होते. माझा मुलगा पहिल्या सत्रात रात्री फोनवर रडायचा तेव्हा त्याला सावरलं ते खोलीतल्या दोन मराठी मुलांनी. हे मी त्याला आठवण करून दिलं, आणि तो हो म्हणाला.

सेंटरला मी दोनदा गेले. पहिल्यांदा जुलैत, तेव्हा सुट्टी असल्यानं शांतता होती. वाचायला आणि बोलायला तो काळ उत्तम. दुसऱ्यांदा ऑक्टोबरात. जमलं तर सत्र चालू असतानाच जा, कारण या घराचा खरा आवाज तेव्हा कानावर पडतो. विद्यार्थ्यांचे चार कलासंच आहेत. ब्लॅक व्हॉइसेस ऑफ इन्स्पिरेशन हा गायनवृंद, जहारी हा नृत्यसंच, न्यू डायरेक्शनल प्लेअर्स हा नाट्यसंच आणि हराका रायटर्स हा लिहिणाऱ्यांचा गट. त्यांची एक पद्धत मला फार आवडली. ही मुलं दरवर्षी इतिहासातल्या एखाद्या ठिकाणी अभ्यासदौऱ्यावर जातात, तिथल्या माणसांना भेटतात, कागदपत्रं बघतात, आणि परत येऊन त्यावर गाणं, नाच, नाटक रचतात. म्हणजे इतिहास पाठ करायचा नाही, अंगातून काढायचा. आमच्याकडं आंबेडकरी जलसे हेच करायचे. गावात वर्तमानपत्र पोचत नव्हतं तिथं डफ पोचायचा.

ऑक्टोबरातल्या त्या संध्याकाळी गायनवृंदाची तालीम चालू होती. आम्ही बाहेर बसून ऐकत होतो. एकच ओळ, पुन्हा पुन्हा. मधेच थांबवून कुणाचातरी स्वर दुरुस्त केला जायचा आणि पुन्हा तीच ओळ. दर वेळी ती थोडी रुंद व्हायची. शेवटी सगळे आवाज एकत्र सुटले तेव्हा पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटली. मला शब्द अर्धेच कळले. पण कष्टकऱ्यांचं गाणं छातीत कुठून निघतं ते मला ठाऊक आहे.

हराका या शब्दापाशी मी जरा रेंगाळले. स्वाहिली शब्द, अर्थ घाई. स्वाहिलीत म्हण आहे, 'हराका हराका हाइना बराका', घाई-घाईत बरकत नाही. औरंगाबादच्या माणसाला हे भाषांतर न करताही अर्धं कळतं. अरबीतून निघालेले हे दोन शब्द एका वाटेनं झांझिबारला गेले आणि दुसऱ्या वाटेनं आमच्या गुलमंडीवर येऊन हरकत आणि बरकत झाले. मी हे तिथल्या मेजामागं बसलेल्या विद्यार्थिनीला सांगितलं, मुलानं इंग्रजीत नीट करून दिलं, आणि तिनं कागदावर लिहून घेतलं.

तिच्याशी झालेलं बोलणं हाच माझ्या दोन्ही भेटींमधला सगळ्यात मोलाचा भाग. ती गॅरीची, याच राज्याच्या उत्तर टोकाची. तिनं विचारलं, मॅम, तुम्हाला इतक्या लांबून आमच्या इतिहासाशी काय घेणं? मी फोनमध्ये जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेचं पान उघडलं. तो मजकूर मुळातच इंग्रजीत आहे, त्यामुळं तिला थेट वाचता आला. गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते पुस्तक अर्पण केलेलं आहे, आणि माझे देशबांधव आपल्या शूद्र बंधूंच्या सुटकेसाठी त्यांचा कित्ता गिरवतील अशी आशा व्यक्त केली आहे. तिनं ते मोठ्यानं वाचलं. साल बघितलं, १८७३. मग म्हणाली, म्हणजे डेव्हिड लुईसला इथून पदवी मिळायच्या एकवीस वर्षं आधी.

मग ती थोडा वेळ गप्प राहिली आणि तिनं विचारलं, "पण त्यानंतर इथं काय झालं, ते त्यांना कळलं होतं का?" तिचं बरोबर होतं. गुलामगिरी कायद्यानं गेली, पण १८७७ नंतर दक्षिणेत ब्लॅक माणसांचे हक्क एकेक करून हिसकावून घेतले गेले, आणि उत्तरेतल्या इंडियानातही पार्कर बहिणींना १९४६ मध्ये खोली मिळत नव्हती. मी म्हटलं, जोतीरावांनंतरच्यांना कळलं होतं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, हार्लेम ही ब्लॅक लोकांची वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. आणि १९४६ मध्ये त्यांनी डु बॉइस यांना पत्र लिहिलं. ब्लॅक समाजानं संयुक्त राष्ट्रांकडं केलेल्या अर्जाची प्रत मागितली, कारण आमच्या लोकांनाही तसंच करायचा विचार आहे. डु बॉइस यांनी उत्तरही दिलं. ज्या वर्षी पार्कर बहिणी नदीपलीकडून ये-जा करत होत्या, त्याच वर्षी. हे तिला माहीत नव्हतं. आणि पार्कर बहिणी मला जुलैपर्यंत माहीत नव्हत्या.

गुण द्यायचेच तर पाचपैकी पाच, आणि ते मी हात आखडता न घेता देते. जायचं असेल तर दोन तास तरी ठेवा. लहान मुलांना न्या, कारण आत मोकळं वातावरण आहे. इंग्रजी कच्चं असलेल्या आईवडिलांबरोबर मुलांनी जावं, म्हणजे बोलणं होईल. खूप मोठं संग्रहालय अपेक्षून जाऊ नका. आधी वाचनालयात बसा, मग भिंतींवरची चित्रं बघा, मग पार्कर हॉलपर्यंत चालत जा आणि परतताना हॉव्हडे हॉलच्या पायऱ्यांवरून या. इंडियानापोलिसहून गाडीनं तासाभराच्या वर थोडा वेळ लागतो, तेव्हा तिथले मराठी लोकही एका दिवसात जाऊन येऊ शकतील.

नोव्हेंबरात माझी परत जायची तारीख आहे. मुलगा आता आठवड्यातून दोनदा तिथं अभ्यासाला बसतो. मागच्या मंगळवारी रात्री त्याला फोन केला, कुठं आहेस म्हणून. म्हणाला, "सेंटरवर आहे आई, खिडकीजवळची खुर्ची मिळाली आज."